ट्यूब कॅमेऱ्याचा जुना लूक पाहिजे? आधी कुठल्या सालचा जुना ते ठरव

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. काका म्हणून विचारलंयस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. कॉलेजच्या पोरांची शॉर्टफिल्म आहे, एका पैलवानाची गोष्ट. त्यात 1984 साली त्या पैलवानाची टीव्हीवर मुलाखत झालेली दाखवायचीय, आणि 1994 सालातलं त्याच्या पोरीच्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग दाखवायचंय. मोबाईलवर शूट करून वर 'जुना टीव्ही' फिल्टर टाकून बघितला, सगळं खोटं वाटतंय. आता एकजण तीन ट्यूबचा (चित्र टिपायला चिपऐवजी काचेच्या नळ्या असलेला) जुना कॅमेरा 40 हजाराला देतोय, 'ठेवला तेव्हा चालू होता' म्हणतोय. एकूण बजेट 60 हजार. घेऊ का?

घेऊ नको. नाकापेक्षा मोती जड होईल.

आता कारण सांगतो, जरा लांबण लागेल. मी या धंद्यात 1986 ला आलो ते केबल धरायला. तेव्हा कॅमेरा वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा असायचा, कॅमेरामन पुढं आणि मी मागं खांद्याला रेकॉर्डर अडकवून, मधी जाडजूड केबल, नवरदेव पळाला की आम्ही दोघं जोडीनं पळायचं. नंतर स्वतःचं शूटिंग, मग रिपेअरिंग, आणि आता गेली काही वर्षं तुझ्यासारखी पोरं जुना लूक पाहिजे म्हणून येतात त्यांच्याबरोबर कुटाणे. त्यामुळं सांगतोय ते हाताखालून गेलेलं आहे, पण तुझा कॅमेरा, तुझी जागा, तुझा लाईट बघितल्याशिवाय काही गोष्टी पक्क्या सांगता येणार नाहीत, त्या त्या ठिकाणी तसं म्हणेन.

तुझी खरी अडचण कॅमेऱ्याची नाही. तू दोन वेगवेगळे 'जुने' एका पिशवीत घालायलायस. 1984 ची टीव्हीवरची मुलाखत म्हणजे ट्यूब कॅमेरा, हे बरोबर. पण 1994 चं लग्न ट्यूबवर नाहीच झालेलं. तोवर लग्नवाल्यांकडं खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे आले होते, त्यात कॅसेट आतच आणि ट्यूब नाही तर सीसीडी, म्हणजे चित्र टिपणारी चिप. तुझ्या घरात आईबाबांच्या लग्नाची कॅसेट असेल तर लावून बघ. सनगनचा (हातात धरायच्या हॅलोजनचा) उजेड किंवा मांडवातला बल्ब फ्रेममध्ये आला की त्याच्यातून वरपासून खालपर्यंत एक उभी पांढरी रेघ जाते. ती सीसीडीची खूण. ट्यूबमध्ये रेघ येत नाही. तिथं दिवा हलला, किंवा कॅमेरा हलला, की दिव्यामागं शेपूट येतं, धूमकेतूसारखं, आणि ते विरत विरत जातं. आणि कॅसेटवर खाली लडबडणारी पट्टी, रंग बाजूला सांडणं, मधेच पांढरे ठिपके, हे ना ट्यूबचं ना सीसीडीचं, ते व्हीएचएस टेपचं. तुझ्या फिल्टरनं हे तिन्ही एकदम टाकलंय, वर आडव्या काळ्या रेघा पण मारल्यात. पी हळद आणि हो गोरी. स्टुडिओतनं थेट जाणाऱ्या मुलाखतीत टेपची लडबड कुठून येईल? डोळ्याला हे कळतं, कारण सांगता आलं नाही तरी कळतं, म्हणून खोटं वाटतंय.

म्हणजे लग्नाचा सीन ट्यूबच्या हिशेबातून आत्ताच काढून टाक. त्याला कुणाच्या तरी माळ्यावरचा चालू सीसीडी कॅमेरा, एक हजार वॅटचा हॅलोजन घेऊन कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहणारा एक पोरगा, आणि एकदा व्हीएचएसवर रेकॉर्ड करून परत कॉम्प्युटरवर घेणं, एवढं बास. सनगन मात्र पाहिजेच बरं का, नवरीच्या तोंडावर सरळ मारलेला आणि मागच्या भिंतीवर कडक सावली. एलईडी पॅनल लावून वर कितीही काही कर, ते लग्न 1994 चं दिसणार नाही.

आता ट्यूब. आत काय चालतं हे एकदा कळलं की काय शूट करायचं आणि काय नाही ते आपोआप कळतं, म्हणून हे नीट वाच.

काचेची नळी, आतली हवा काढलेली. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला एक पातळ थर, त्याला टार्गेट म्हणतात, लेन्स त्याच्यावर चित्र पाडते. मागच्या टोकाला तापलेला कॅथोड, तिथनं इलेक्ट्रॉनचा बारीक झोत निघून थराच्या पाठीवर ओळीनं फिरत राहतो. असं समज की थर म्हणजे लाखो घागरी मांडून ठेवल्यात आणि प्रत्येकीला बुडाला भोक आहे. जिथं उजेड जास्त तिथं भोक मोठं, पाणी जास्त गळतं. झोत म्हणजे पाणी भरत फिरणारा गडी. प्रत्येक घागरीत किती पाणी घालावं लागलं त्याची नोंद म्हणजे तुझा व्हिडिओ सिग्नल. आता या गड्याकडं एका घागरीला एका फेरीत एकच बादली आहे. साधारण उजेड असेल तर बादली पुरते. पण दिव्याचा झगझगीत ठिपका पडला तर घागर पार रिकामी होते, एका बादलीत भरत नाही, दुसऱ्या फेरीलाही तिथं पाणी घालावं लागतं, तिसऱ्या फेरीलाही. तोवर दिवा पुढं सरकलेला असतो पण नोंद मात्र 'इथं अजून उजेड आहे' अशीच येते. हेच ते शेपूट. आपल्याकडच्या 625 ओळींच्या पद्धतीत सेकंदाला 50 फेऱ्या, म्हणजे शेपटाचा प्रत्येक टप्पा एक पन्नासांश सेकंदाचा. हा आकडा लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

दुसरी गोष्ट लॅग. अंधारात नुसता हात हलवला तरी मागं धुरकट छाप राहते, ती. शेपूट जास्त उजेडानं येतं, लॅग कमी उजेडात जास्त दिसतो. तिसरी गोष्ट बर्न, म्हणजे थर कायमचा भाजतो, त्याच्यावर नंतर बोलू, माझं एक पाप आहे त्यात.

ट्यूबच्या जाती बऱ्याच. साधी व्हिडिकॉन 1950 च्या सुमारास आली, स्वस्त, लॅग भरपूर, भाजायला एकदम हळवी. फिलिप्सची प्लम्बिकॉन साठच्या दशकात आली, थर लेड ऑक्साइडचा, लॅग कमी, म्हणून जगभरच्या मोठ्या स्टुडिओंनी तीच उचलली. सॅटिकॉनचा थर सेलेनियमचा, चित्र रेखीव पण उष्णतेला भितो. एप्रिलमध्ये कोल्हापुरात गाडीच्या डिकीत सॅटिकॉनचा कॅमेरा दुपारभर ठेवलास तर संध्याकाळी काय निघेल याची खात्री नाही. न्यूव्हिकॉन कमी उजेडात चांगली, पण ती थोडं इन्फ्रारेडही बघते, त्यामुळं हॅलोजनखाली काळं कापड करडं दिसतं. सोनीची ट्रिनिकॉन म्हणजे एकाच ट्यूबमध्ये रंग, काचेवर बारीक रंगीत पट्ट्यांचा फिल्टर लावून. त्यात बारीक चौकड्याचा शर्ट घालून माणूस बसवला की शर्टावर इंद्रधनुष्य वळवळतं. कुणी पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन कार्यक्रमांसारखं दिव्याभोवती काळं कडं पाहिजे म्हणालं तर ती ट्यूबच वेगळी, इमेज ऑर्थिकॉन, त्या नादाला लागायचं नाही, कॅमेरा उचलायला चार माणसं लागतील.

तुला देऊ केलेला कॅमेरा तीन ट्यूबचा. आत प्रिझम, लाल हिरवा निळा वेगळा करून तीन ट्यूबवर. तो भारी असतो यात वाद नाही. पण तीन ट्यूबची चित्रं तंतोतंत एकावर एक बसवावी लागतात, त्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. चार्ट लावायचा, कॅमेरा वीस-पंचवीस मिनिटं तापू द्यायचा, मग आतल्या पॉटना (फिरवायच्या बारीक खुंट्यांना) स्क्रू ड्रायव्हर लावत बसायचं. नाही बसलं तर प्रत्येक कडेला लाल-हिरवी किनार. हे काम जाणणारी माणसं आता हाताच्या बोटावर मोजण्याएवढी. त्यात तीन ट्यूब एकसारख्या म्हाताऱ्या होत नाहीत, एक थकली की चेहऱ्याचा रंग गेला, आणि नवीन ट्यूब मिळणं जवळजवळ बंद आहे. तुझ्या मेसेजमध्ये पॉवर सप्लाय, केबल, लेन्स यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ते सोबत नसणार असं धरून चालतो. चाळीस वर्षांचे कपॅसिटर सुकलेले किंवा गळलेले असणार, ते बदलायचा खर्च वेगळा. 'ठेवला तेव्हा चालू होता' या वाक्यानं मी स्वतः दोनदा फसलोय. एकदा तर आत उंदरानं संसार मांडला होता.

बाहेर लोकांनी हे केलेलं आहे, अगदी नाही असं नाही. चिलीच्या 1988 च्या सार्वमतावरचा 'नो' नावाचा पिक्चर 2012 ला आला, तो पाब्लो लाराइननं इकेगामीच्या जुन्या ट्यूब कॅमेऱ्यांवर शूट केला. हौस म्हणून नाही केला, त्यात त्या काळातलं खरं टीव्ही फुटेज मधीमधी घालायचं होतं आणि जोड दिसू द्यायचा नव्हता. दुसरा 'कम्प्युटर चेस', 2013 चा, तो सोनीच्या ब्लॅक अँड व्हाइट ट्यूब कॅमेऱ्यावर. या दुसऱ्यातच तुझं उत्तर आहे.

आपल्याकडं रंगीत टीव्ही 1982 ला सुरू झाला, एशियाडच्या वर्षी. पण 1984 ला किती घरात रंगीत सेट होता? आजोबांना विचार. अख्खी गल्ली एका घरात जमायची आणि बघायची ते ब्लॅक अँड व्हाइटच. तुझा पैलवान स्वतःची मुलाखत तालमीतल्या पोरांबरोबर शेजारच्या घरातल्या टीव्हीवर बघतोय असा सीन कर की! मुलाखत ब्लॅक अँड व्हाइट असणं तिथं एकदम खरं ठरतं, आणि तुला तीन ट्यूब सोड, रंगीत ट्यूबच लागत नाही. एक साधा व्हिडिकॉनचा सीसीटीव्ही कॅमेरा, बँकेत आणि कारखान्यात लावायचे तो, एवढ्यावर काम होतं. मला दोन मिळाले ते बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भंगारातून, किलोवर घेतले. बहुतेक थेट 230 व्होल्टवर चालतात, मागं व्हिडिओच्या केबलचं बीएनसी सॉकेट, पुढं आट्यांनी बसणारी सी-माउंट लेन्स, रजिस्ट्रेशन नाही, रंग नाही, कटकट नाही. आणि व्हिडिकॉन असल्यामुळं लॅग-शेपूट दोन्ही प्लम्बिकॉनपेक्षा जास्तच. खऱ्या स्टुडिओतलं चित्र याच्यापेक्षा स्वच्छ असायचं हे कबूल, पण प्रेक्षकाच्या मनात जे 'जुनं' आहे ते यात जास्त आहे.

सीसीटीव्ही कॅमेरा घेताना एक गोष्ट मात्र बघ. त्याच्यावर किंवा त्याच्या कागदावर 2:1 इंटरलेस (एका चित्राच्या एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत, म्हणजे दोन फील्डमध्ये, काढणं) लिहिलेलं पाहिजे. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये रँडम इंटरलेस असतं, मॉनिटरवर चित्र छान येतं पण कॅप्चर कार्ड (चित्र कॉम्प्युटरवर घेणारं कार्ड) त्याला ओळखच देत नाही, निळी स्क्रीन दाखवून गप्प बसतं. माझ्या दोनातला एक तसलाच निघाला. आणि 625 ओळी, 50 फील्डचाच घे. रंगीत घेतलास तर पाल (आपल्याकडची रंगीत टीव्हीची पद्धत), भिंतीवरची नव्हे. अमेरिका-जपानचा एनटीएससी कॅमेरा ऑनलाईन स्वस्त दिसतो पण तो सेकंदाला साठ फील्ड काढतो आणि आपली लाईट पन्नास हर्ट्झची, ट्यूबलाईटखाली चित्र लुकलुकत राहतं.

लेन्सचं सांगतो. बहुतेकांची ट्यूब दोन तृतीयांश इंचाची असते, चित्राचा आकार 8.8 बाय 6.6 मिमी, म्हणजे फोटोच्या कॅमेऱ्यावरची 50 ची लेन्स इथं 200 सारखी वागते. मुलाखतीला 16 किंवा 25 मिमीची सी-माउंट लेन्स बरोबर पडते, भंगारवाल्याकडं कॅमेऱ्यालाच लागून येते बऱ्याचदा. नसेल आणि घरात जुनी स्क्रूवाली एम 42 लेन्स असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. लेन्सच्या बैठकीपासून चित्रापर्यंतचं अंतर एम 42 चं 45.46 आणि सी-माउंटचं 17.526 मिमी, म्हणून लेथवाल्याला सांग 45.46 मधून 17.526 वजा, म्हणजे 27.93 मिमी लांबीचं नळकांडं, एका टोकाला एक इंच व्यास आणि इंचाला 32 आटे, दुसऱ्या टोकाला 42 मिमी एका पिचचे आटे. आतून काळा मॅट रंग मारायला विसरू नको, ॲल्युमिनियम चमकतं. बाबूराव पेंटरांनी याच गावात अख्खा सिनेमाचा कॅमेरा बनवला, आपण निदान नळकांडं तरी बनवूया.

घेण्याआधी कॅमेरा चालू करून बघायचाच. लेन्सवर टोपण लावून दहा मिनिटं तापू दे, मग मॉनिटरवर काळ्यात कुठं पांढरे ठिपके, डाग दिसतात का बघ. मग टोपण काढून पांढऱ्या भिंतीवर लाव आणि फोकस पार घालवून टाक. भिंत धूसर झाली तरी जे स्पष्ट दिसत राहतं ते भिंतीवरचं नाही, ट्यूबवर भाजलेलं आहे. सीसीटीव्हीच्या ट्यूबवर हमखास असतं, वर्षानुवर्षं एकाच दाराकडं बघत बसलेली असते बिचारी, ते दारच कोरलेलं असतं तिच्यावर. फिकट असेल तर फोकस घालवून पांढऱ्या भिंतीकडं पाच-सहा तास चालू ठेवल्यावर बरंच उतरतं. खोल असेल तर सोडून दे. शेवटी खोलीत अंधार करून एक मेणबत्ती इकडून तिकडं ने. शेपूट आलं की तुझं मन विरघळणार आणि तू विकणारा म्हणेल तेवढे पैसे देणार, म्हणून ही टेस्ट शेवटी कर.

खूप वर्षं बंद पडलेल्या ट्यूबचं चित्र सुरवातीला मलूल येतं. लगेच नावं ठेवू नको, टोपण लावून दोन-तीन तास नुसती चालू ठेव, कधीकधी जीव धरते. कधीकधी नाही धरत. आणि झाकण उघडून आत बोट घालायचं नाही, ट्यूबला शेकडो व्होल्ट असतात आणि व्ह्यूफाइंडर असेल तर त्याच्या पिक्चर ट्यूबला हजारो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

आता लाईट, आणि इथंच बहुतेकांचं गाडं अडतं. पोरं म्हणतात जुना कॅमेरा आहे म्हणजे साध्या बल्बवर मस्त मूडी येईल. मूडी नाही, चिखल येतो. ट्यूबला उजेड खायला लागतो, हजार-दीड हजार लक्सच्या आसपास. एका खुर्चीवरच्या मुलाखतीला मी हजार वॅटचे दोन हॅलोजन वापरतो, दोन्हीपुढं बटर पेपर, एक समोरून जरा बाजूला आणि एक उलट बाजूनं लांब. सावलीची बाजू उजेडाच्या निम्म्यापेक्षा जास्त काळी होऊ द्यायची नाही, कारण ट्यूबला पाच-साडेपाच स्टॉपच्या (उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप) पलीकडं काही दिसत नाही, काळं म्हणजे ठार काळं आणि पांढरं म्हणजे सपाट पांढरं. दोन हजार वॅट म्हणजे जवळजवळ नऊ अँपियर, घरातल्या साध्या सॉकेटवर लावू नको, गिझरच्या पंधरा अँपियरच्या पॉइंटवरून घे. (आमच्या एका शूटिंगला सगळ्या चाळीची लाईट गेली होती आणि वर मुलाखत देणारे आजोबा म्हणाले, झालं का शूटिंग?)

पण नुसता उजेड मारून शेपूट येणार नाही. शेपूट यायला गडद पार्श्वभूमी आणि पुढं हलणारा लहानसा चकचकीत ठिपका लागतो. माझ्या हातून सगळ्यात सुंदर शेपूट आलंय ते कोल्हापुरी साजाचं, सनगनखाली एक बाई मान वळवायची आणि प्रत्येक पानाची एक रेघ हवेत राहायची. तुझ्याकडं तर पैलवान आहे! चांदीची गदा दे त्याच्या हातात. मागं काळपट पडदा, गदा खांद्यावरून उतरवून मांडीवर घेताना तिच्यावरचा लाईटचा ठिपका अख्खा कमान ओढत खाली येईल. तो एक शॉट नीट मिळाला तर पुढची चार मिनिटं नुसतं बोलत बसला तरी लोकांना 1984 पटतं. उलट पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा सदरा घालून बसवलास तर हाच कॅमेरा खराब वेबकॅमसारखा दिसेल. पांढऱ्याऐवजी फिकट निळा किंवा बदामी सदरा घाल, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कुणाला कळत नाही.

ऑटो आयरिस, ऑटो गेन जे काय बंद करता येईल ते बंद कर, नाहीतर गदा चमकली की कॅमेरा घाबरून सगळं चित्र काळं करतो. काही कॅमेऱ्यांत बीमचा पॉट हाताशी असतो, तो जरा कमी केला की गड्याची बादली लहान होते आणि शेपूट लांबतं. जुने इंजिनियर नेमका उलटा फिरवायचे, त्यांना शेपूट नको असायचं. फार कमी केलास तर पांढरा भाग चिकटून बसतो, निघतच नाही. आणि टार्गेटचा पॉट आहे तिथंच राहू दे.

आता माझं पाप. 1988 च्या आसपास, मी नुकताच कॅमेरा हातात घ्यायला लागलेलो, कॅमेरा मालकाचा, एकच ट्यूबवाला. नवरानवरी रंकाळ्यावर, संध्याकाळ, पलीकडं सूर्य टेकलेला, पाण्यात सोनं सांडलेलं. मला वाटलं काय शॉट आहे! पंधरा सेकंद धरला. वळलो तर सूर्य माझ्याबरोबरच वळला. म्हणजे चित्रात एक वाटोळा डाग, जिकडं कॅमेरा नेईन तिकडं. दुसऱ्या दिवशी मांडवात तो डाग वरमाईच्या कपाळावर, भटजींच्या टकलावर, जेवणाच्या पंगतीत बुंदीच्या लाडवावर. मालकानं चार महिने पगारातून कापले आणि त्याचं बरोबरच होतं. अंबाबाईच्या किरणोत्सवाला सूर्य थेट आत गाभाऱ्यात आला की आपण हात जोडतो, पण ट्यूबच्या गाभाऱ्यात त्याला येऊ द्यायचं नाही. कॅमेरा बंद असला तरीही नाही, कारण लेन्स तर चालूच असते, भिंगानं कागद जळतो तसा थर भाजतो. शॉट संपला की टोपण, ही सवय हाताला लागू दे. वाहून नेताना लेन्स खाली करून नेऊ नको, ट्यूबच्या आत एखादा कण सुटा झालेला असतो तो थरावर पडून कायमचा ठिपका होतो.

आवाजाचं एक ऐकून ठेव, कुणी सांगत नाही. ट्यूबच्या आत बारीक जाळी असते, मोठ्या आवाजानं ती थरथरते आणि चित्रात आडव्या पट्ट्या येतात. कॅमेऱ्याशेजारी हलगी वाजवून बघ, प्रत्येक कडकडाटाला चित्र शहारतं. मुलाखतीत हे नको, पण मिरवणुकीच्या सीनमध्ये मी मुद्दाम हलगीवाल्याला कॅमेऱ्याला खेटून उभा केला होता. स्पीकर आणि मोठा ट्रान्सफॉर्मर मात्र लांब ठेव, चुंबकानं झोत वाकतो आणि चित्र तिरपं होतं.

बारा व्होल्टवर चालणारा पोर्टेबल कॅमेरा मिळाला तर स्वस्तातला एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) लावू नको, त्याची घरघर चित्रात तिरक्या रेघा होऊन येते. यूपीएसची 12 व्होल्ट 7 अँपियर-तासाची बॅटरी लाव, असले घरगुती कॅमेरे सहसा आठ-दहा वॅट खातात, दोन-तीन तास आरामात निघतात.

रेकॉर्डिंग. मुलाखत थेट कॅमेऱ्यातनं कॉम्प्युटरवर घे, मधे टेप नको. लोक सांगतील टीबीसी (टेपवरचं लडबडणारं चित्र सरळ करणारा डबा) पाहिजे, तो टेपसाठी लागतो, कॅमेऱ्याचा सिंक, म्हणजे ओळींचा ताल, मुळातच स्थिर असतो, 2:1 वाला असेल तर चांगलं कॅप्चर कार्ड तसंच उचलतं. तीन-चारशे रुपयांचा कॉम्पोझिट टू एचडीएमआय डबा घेऊ नको, तो दोन फील्डचा चिवडा करून टाकतो. 720 बाय 576, 50 फील्ड, जसं येतंय तसं इंटरलेस्ड घे आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करून 50 फ्रेम कर. 25 केलंस की संपलं, टीव्हीची ती सळसळीत हालचाल जाऊन सिनेमासारखं होतं, आणि शेपटाचे पन्नासांश सेकंदाचे टप्पे निम्मे होतात. तुमची फिल्म 24 किंवा 25 मध्ये असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे हे चित्र खऱ्या जुन्या टीव्हीवर लावायचं आणि सिनेमाचा कॅमेरा त्या टीव्हीवर लावायचा, शटर एक पन्नासांशवर. शेजारच्या घरातला सीन आहेच, त्यातच बसतंय.

कॅमेरा मिळालाच नाही तर? तर खोटं करायचं, पण नीट खोटं. मोबाईल 50 फ्रेमवर, शटर पन्नासवर लॉक, एक्सपोजर लॉक, एचडीआर बंद, लाईट वर सांगितला तसाच. मोबाईल उजळ भागातला तपशील वाचवत बसतो, तो तू आधी मारून सपाट पांढरा कर. मग क्लिपची दुसरी प्रत वर ठेवून त्यातला फक्त सगळ्यात उजळ भाग उचल, त्याला आठ-दहा फ्रेमचा विरत जाणारा इको दे, जरासा धूसर कर आणि लाइटन मोडमध्ये खालच्यावर बसव. अख्ख्या चित्राला इको दिलास तर भूतपट होतो. माझ्या हातून हे सत्तर टक्के जमतं, चेहऱ्यावरून उजेड सरकतो तेव्हाचा तो ओलसरपणा येत नाही.

तर 40 हजारवाल्याला नाही कळव, पण तोडून बोलू नको, त्याच्याकडं त्या कॅमेऱ्याबरोबरचा मॉनिटर किंवा ट्रायपॉड असेल तर तो विचार. माझ्याकडचा 2:1 वाला व्हिडिकॉन चालू आहे, दारावरच्या गजांचा फिकट डाग आहे त्याच्यावर डाव्या कोपऱ्यात, काळ्या पडद्यावर दिसत नाही. एक दिवस टेस्टला घेऊन जा. गदा खरी आण, थर्माकोलला चांदीचा कागद लावलेली चालणार नाही, तिचा ठिपका फाटतो. आणि पैलवानाचं काम करणाऱ्या पोराला आधीच सांगून ठेव की दोन हॅलोजनसमोर अर्धा तास बसायचंय, घाम पुसायचा नाही, कपाळावरचा घाम पण शेपूट सोडतो.